दंड की किंमत?

कृष्णाकाठच्या माणसाला न्याय म्हणजे काय हे समजावून सांगायचे झाले, तर त्याला कोर्टाचा दाखला देऊ नये, कुस्तीचा द्यावा. कोर्टात आजोबाने मागितलेला निकाल नातवाच्या हाती पडतो, आणि तो पडल्यावरही जिंकले कोण हे वकिलाला विचारावे लागते. कुस्तीत पाठ मातीला लागली की संपले. हलगी थांबते, फेटे उडतात आणि झाडावर चढून बसलेल्या पोरालाही निकाल कळलेला असतो. म्हणूनच आमच्याकडे एखादा व्यवहार कायमचा मिटवायचा असला म्हणजे 'एकदा निकाली करून टाका' असे म्हणतात. हा शब्द कचेरीतून आखाड्यात आला की आखाड्यातून कचेरीत गेला, हे भाषापंडितांनी ठरवावे. आम्हांला तो आखाड्यातच अधिक शोभतो असे वाटते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत माझे आयुष्य गेले. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतली मैदाने मी पाहिली, कुंडलचे मैदान पाहिले, आणि ज्यांची नावे तालुक्याबाहेर कोणाला ठाऊक नाहीत अशा गावांच्या जत्रांतले लहानसहान फड तर किती पाहिले याची गणती नाही. या फडांची एक रीत होती, आणि पुष्कळ ठिकाणी ती आजही आहे. दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या सुरू होतात. त्यांना नारळ, रेवड्या, फार तर एखादी नोट. दिवस कलेल तसे इनाम चढत जाते. जोड लावताना वजनकाटा नसतो. गावातले दोन जाणते पुढे होतात, दोन्ही मल्लांचे हात धरून हौद्याभोवती फिरवतात, आणि लोकांनी 'जोड बरोबर आहे' अशा अर्थाची मान हलविली म्हणजे कुस्ती लागते. मग हाताला माती, सलामी, खडाखडी. आणि त्यानंतर जे व्हायचे ते लाल मातीत होते. गुण नाहीत, फेऱ्या नाहीत, घड्याळ आहे तेही पंचाच्या मनगटावर. कोणी नुसता वेळ काढू लागला तर पंच दटावतो, आणि पंचाच्या आधी लोक दटावतात. त्या हुर्योपेक्षा मोठी शिक्षा गावच्या मल्लाला दुसरी माहीत नसते.

हे चित्र मोहक आहे. पण मोहक चित्राला भुलून निबंध लिहू नये, एवढे वय आता झाले आहे. त्या निकाली न्यायातली उणी बाजूही आम्ही पाहिलेली आहे. तास तास एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे राहिलेले दोन मल्ल आणि शेवटी 'बरोबरीत सोडविली' असा पुकारा, हे काही दुर्मीळ दृश्य नव्हे. पाठ लागली की नुसती कूस लागली, यावरून दोन गावांनी काठ्या काढल्याच्या गोष्टी आमच्या वडिलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. डोळ्यांनी लावलेल्या जोडीत डोळे कोणाचे, हाही प्रश्न असतो. ज्याचा वस्ताद वजनदार त्याचा पठ्ठा हलक्या जोडीवर सुटतो, आणि परगावचा पोरका पोरगा भारी जोडीखाली सापडतो. लोकांची लाज ही शिक्षा खरी. पण लोक आपल्या गावच्या मल्लाची लाज विसरतात आणि परगावच्याची लक्षात ठेवतात. शिवाय त्या हौद्याच्या कडेला बायकांना उभे राहण्याचीही सोय नव्हती. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीतच महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली, तेव्हा माझ्या मनात आले, की जुन्या आखाड्यातले कितीतरी नियम खेळाचे नव्हतेच. ते कुंपणाचे होते, आणि कुंपण काढल्यावर खेळाचे काहीच बिघडले नाही.

म्हणून गादी आली, गुण आले, याबद्दल मी कुरकुर करणार नाही. गादीवरच्या कुस्तीत तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळविला की दोन गुण, त्याला धोक्याच्या स्थितीत फेकले तर चार, वर्तुळाबाहेर रेटले तर एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. चितपट अजून आहे, आणि ती झाली म्हणजे बाकीचा हिशेब रद्द होतो. जुन्या न्यायाचा मान एवढा तरी राखला आहे. पण सर्व कुस्त्या चितपटीने संपत नाहीत. २०२२ च्या एप्रिलात साताऱ्याला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली, तीत कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटील याने विशाल बनकर याच्यावर मात केली ती पाच विरुद्ध चार अशा गुणांनी. एका गुणाने गदा इकडची तिकडे झाली असती. ज्या खेळात एका गुणाला एवढे मोल आले, त्यात तो गुण कशाकशाने मिळतो आणि कशाकशाने जातो हा प्रश्न नुसता पंचांचा राहत नाही; तो विचार करणाऱ्या प्रत्येकाचा होतो.

माझ्यापुरता तो प्रश्न एका लहान मुलीने उभा केला.

माझी नात तायक्वांदो शिकते. कोरियन भाषेत 'ते' म्हणजे पाय, 'क्वोन' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. हातापायांचा हा मार्ग सेऊलहून निघून आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेच्या सभागृहापर्यंत येऊन पोचला आहे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून त्याला पदके आहेत. पोरीने मला त्याचे नियम शिकविले, आणि मी ते आमच्या कुस्तीशी ताडून पाहत शिकलो. छातीवर कवच असते. त्यावर मूठ नेमकी बसली तर एक गुण, लाथ बसली तर दोन, डोक्यावर लाथ बसली तर तीन. फिरून मारलेल्या लाथेला त्याहून अधिक, कारण ती कठीण. मोठ्या स्पर्धांत कवचातच यंत्र असते आणि आघात पुरेसा झाला की नाही ते यंत्रच सांगते. आणि चुकीला शिक्षा असते, तिचे नाव गामजोम. कमरेखाली मारले, धरून ठेवले, ढकलून दिले, पाठ फिरवून पळाले, खाली पडले, रेषेबाहेर गेले, की पंच गामजोम देतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या नावावर एक गुण चढतो.

हे शेवटचे ऐकून मला फार बरे वाटले. आपल्या कायद्यात मी तुमच्या गाडीला धडक दिली तर दंड सरकारजमा होतो, आणि मोडलेला दिवा बदलून घ्यायला तुम्हांला वेगळा दावा लावावा लागतो. अपराध तुमचा झाला, पण दंड मिळाला राजाला. येथे तसे नाही. ज्याचे नुकसान झाले त्यालाच भरपाई मिळते, तीही त्याच क्षणी आणि त्याच चलनात. न्यायशास्त्रावर जाडे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी या खेळाच्या पंचाकडे एकदा पाहून यावे असे मला वाटले.

पुढे साताऱ्याला मुलांच्या स्पर्धा होत्या, तेथे मी तिच्याबरोबर गेलो. तिच्या लढतीची शेवटची फेरी चालली होती. ही दोन गुणांनी पुढे होती आणि दहाएक सेकंद उरले होते. समोरची मुलगी उंच, लांब पायांची आणि आता जिवावर उदार झालेली. तिची एक लाथ डोक्याला लागली असती तर तीन गुण होऊन डाव उलटला असता. इतक्यात आमच्या बाजूने शिक्षकांचा आवाज आला, 'बाहेर जा! बाहेर जा!' पोरीने एक पाऊल मागे टाकले ते थेट रेषेबाहेर. पंचाने लढत थांबविली, गामजोम दिला, समोरचीला एक गुण मिळाला. पुन्हा सुरू होईपर्यंत त्या मुलीच्या चढाईतला जोर गेला होता. उरलेले क्षण संपले, आमची पोर एका गुणाने जिंकली. दोघींनी वाकून नमस्कार केला. समोरच्या मुलीचे डोळे भरून आले होते, ते तिने शिरस्त्राण काढताना पुसले.

परतताना एस.टी.त पोर गप्प होती. उंब्रज मागे पडल्यावर तिने विचारले, "आबा, मी लबाडी केली का?"

"सरांनी काय सांगितलं?" मी विचारले.

"सर म्हणाले, नियमात बसतं. एक गुण दिला आणि मॅच घेतली."

'एक गुण दिला आणि मॅच घेतली.' भाजीबाजारातला व्यवहार असावा तसे हे वाक्य होते, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. तिला काय उत्तर द्यावे याचा विचार मी कराडपर्यंत करीत राहिलो, आणि पुढे बरेच दिवस केला. या लेखात तोच विचार आहे.

दंड आणि किंमत यांत फरक काय? दोन्हींत खिशातून पैसे जातात. कदाचित तेवढेच जातात. पण किंमत देणारा म्हणतो, 'मी हे घेतले, त्याचे हे पैसे. आता आपण मोकळे.' दंड देणाऱ्याला असे म्हणता येत नाही. दंडात 'तू हे करायला नको होतेस' असे एक वाक्य असते आणि ते पैशांनी फिटत नाही. शाळेत उशिरा येणाऱ्या पोराला बाकावर उभे करतात ते बाक झिजावा म्हणून नव्हे. ज्या दिवशी पोराला वाटू लागते, की दहा मिनिटे उभे राहिले म्हणजे अर्धा तास झोपता येते आणि सौदा काही वाईट नाही, त्या दिवशी शिक्षा संपली आणि दर सुरू झाला.

आमच्या भागात याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. गळिताचा हंगाम सुरू झाला, की सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर उसाने ओसंडलेल्या ट्रॉल्या धावू लागतात. वजनाची मर्यादा सर्वांना ठाऊक असते. एका ट्रॅक्टरवाल्याला मी विचारले होते, दंड झाला म्हणजे काय करता? तो शांतपणे म्हणाला, "धरलेला असतोय की खर्चात." डिझेल, टायर, ड्रायव्हरचा भत्ता आणि दंड. सरकारला वाटते आपण निषेध करीत आहोत. ट्रॅक्टरवाल्याच्या वहीत ते भाडे झालेले असते. तिकडे इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना दंड लावून पाहिला. दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दंडाने उशीर कमी झाला नाही, वाढला. पूर्वी उशीर झाला की ताटकळत बसलेल्या बाईंची लाज वाटायची. आता पैसे दिले की लाज वाटेनाशी झाली. याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढची आहे. दंड काढून घेतल्यावरही उशीर पहिल्यासारखा कमी झाला नाही. लाज एकदा विकली गेली म्हणजे ती परत विकत मिळत नाही.

मग गामजोम हा दंड की किंमत? मला वाटते, नियम करणाऱ्यांच्याही मनात ही शंका आलेली आहे. कारण त्यांनी नुसता दर लावून सोडून दिलेले नाही. आजच्या नियमांत एका फेरीत पाच गामजोम झाले, की गुण कितीही असोत, ती फेरी गेली. याचा अर्थ असा, की एक-दोन वेळा चुकलास तर भरपाई दे. पण भरपाई देऊन देऊन खेळच टाळशील तर ते चालणार नाही. गादीवरच्या कुस्तीतही पकड चुकवून वर्तुळाबाहेर पळणाऱ्याला ताकीद मिळते आणि समोरच्याला गुण मिळतो. ताकिदी साचत गेल्या तर मल्ल बाद होतो. दुकानदार दहाव्या गिऱ्हाइकाला हाकलून देत नाही. ज्या वस्तूची संख्या मर्यादित केली आहे ती निव्वळ विक्रीची वस्तू नव्हे, हे यावरून दिसते.

पण एवढ्याने पोरीच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. तिने तर एकच पाऊल मागे टाकले होते.

मी नियमांची आपल्या समजुतीप्रमाणे वाटणी करून पाहिली. काही नियम शरीर राखण्यासाठी असतात. कमरेखाली लाथ मारू नये, पंचाने थांब म्हटल्यावर मारू नये, पडलेल्याला मारू नये. आमच्या कुस्तीत गळा आवळू नये, बोटे पिरगाळू नयेत, डोळ्यांत माती टाकू नये. काही नियम झुंज राखण्यासाठी असतात. पळू नये, वेळ काढू नये, नुसते धरून ठेवू नये. आणि काही केवळ सोयीसाठी असतात: रेषा अमुक ठिकाणी, कवच अमुक रंगाचे. पहिल्या प्रकारच्या नियमाला दर असूच शकत नाही. पंच एकच गुण देवो की दोन, समोरच्याचा गुडघा त्या गुणाने बरा होत नाही. ज्याने तेथे 'एक गुण दिला आणि मॅच घेतली' असे म्हटले त्याने खेळ सोडला आणि दुसरेच काही सुरू केले. तिसऱ्या प्रकारच्या नियमाचा दर देऊन मोकळे होण्यात मला पाप दिसत नाही. अडचण असते ती मधल्या प्रकारात. रेषा ही सोयीची. पण रेषेबाहेर जाऊन झुंज टाळणे हे सोयीचे राहत नाही. पोरीचे पाऊल नेमके या दोहोंच्या सीमेवर पडले होते.

अशा वेळी एक कसोटी उपयोगी पडते असे मला वाटते. जे करायचे आहे ते लढतीआधी प्रतिस्पर्ध्याला तोंडावर सांगता येईल का? 'शेवटच्या क्षणी मी अडचणीत आले तर रेषेबाहेर जाईन आणि तुला एक गुण देईन' असे माझी नात त्या उंच मुलीला सांगू शकली असती. तीही म्हणाली असती, 'मीही जाईन.' दोघी हसल्या असत्या. पण 'मी लागल्याचे सोंग करीन', 'पंचाची पाठ असली तर तुझा हात धरीन', 'तुझ्या दुखऱ्या पायावर मुद्दाम मारीन' असे कोणाला सांगता येईल? जी गोष्ट उघड सांगितल्यावर चालेनाशी होते तिचे नाव लबाडी. त्या अर्थाने पोरीने लबाडी केली नाही, हे निश्चित.

लबाडी नव्हे, पण मग तिच्या मनाला ते लागले का? कारण ती जिंकली तेव्हा लढत नव्हती. तिच्या गुणांत खोट नव्हती. तिच्या शेवटच्या दहा सेकंदांत होती. नियमाने तिला दोषमुक्त केले आणि तरीही काही उरले. हे उरलेले कोणत्याही नियमपुस्तकात बसत नाही, आणि बसवू म्हटले तर पुस्तक जाडे होते, मन मात्र तसेच राहते.

नियमपुस्तक कुठे अपुरे पडते याचा याहून मोठा दाखला त्याच रस्त्यावर होता. कराडच्या शेजारी गोळेश्वर आहे. खाशाबा जाधवांचे गाव. १९४८ साली लंडनला ते प्रथम गादीवर उतरले. मातीतला माणूस, गादीचे नियम परके. तरी सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडाचा, मेक्सिकोचा आणि जर्मनीचा मल्ल पाडला. पुढे जपानच्या इशीशी पाव तासाहून अधिक झुंज दिली आणि ती गेली. मग, अशी हकीकत सांगतात, की लगेच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलाविले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विसावणी नियमानेच होती. पण ती मागायला भारतीय पथकाचा अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा उभे राहिले आणि हरले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्य. गावी परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

या हकीकतीत गामजोम कोणाला द्यायचा? सोव्हिएत मल्लाने काही मोडले नाही. पंचाने बोलाविले, पण नियम दाखवून अडविणारा कोणी नव्हता. नियम पुस्तकात होता आणि तरी तो नव्हता, कारण त्याच्या बाजूने बोलायला तोंड नव्हते. दंडाचे नियम आपोआप चालतात. हक्काच्या नियमांना माणूस लागतो. गोळेश्वरच्या मल्लाचे जे गेले ते कोणाच्या फाउलमुळे गेले नाही. ते एका रिकाम्या खुर्चीमुळे गेले. आणि रिकाम्या खुर्चीला दंड कोणता?

उलट बाजूचेही पाहिले पाहिजे. नियम कठोर लागला म्हणून तो अन्यायच असे नाही. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी पन्नास किलोंच्या गटात शंभर ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. देशभर लोक हळहळले, मीही हळहळलो. क्रीडा लवादाकडे दाद मागितली, ती फेटाळली गेली. शंभर ग्रॅम म्हणजे आमच्या वाण्याच्या तराजूतली झुकती मापे. पण डोळ्यांनी जोड लावण्याच्या काळात परगावच्या पोरक्या पोराचे काय होत असे, ते मी वर सांगितले आहे. काटा निर्दय असतो. पण तो कोणाचा वस्ताद ओळखत नाही. ज्याला वशिला आहे त्याला दयाळू पंच बरा वाटतो, आणि ज्याला नाही त्याचा आधार काटाच असतो. हळहळ खरी मानावी आणि काटाही खरा मानावा. दोन्ही एकदम मानता येणे हे प्रौढपणाचे लक्षण आहे असे मी समजतो.

काट्यावर राग येतो तेव्हा काय होते, याची दोन उदाहरणे एकाच जातीची आहेत. २००८ साली बीजिंगला क्यूबाचा आंखेल मातोस कांस्यपदकाची तायक्वांदो लढत खेळत होता. त्याला दुखापत झाली. उपचाराला नियमाने एक मिनिट मिळते. ते उलटले म्हणून पंचाने त्याला पराभूत ठरविले, आणि त्याने पंचाच्या तोंडावर लाथ मारली. त्याला जन्मभराची बंदी झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात शिवराज राक्षे याला चितपट ठरविले. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत असे त्याचे म्हणणे होते. वाद चिघळला आणि त्याने पंचाला लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड काही सेकंद उरले असताना मैदान सोडून गेला. दोघांवर तीन तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. खांदे टेकले की नाही याचा न्याय मी घरी बसून करणार नाही. पंच चुकतात, गादीच्या नियमात दाद मागण्याची सोय आहे, आणि ती दाद चुकीची ठरली तर समोरच्याला एक गुण मिळतो, हेही योग्यच आहे. पण येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की पंचाला मारल्याबद्दल किती गुण, असे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ज्या गोष्टी खेळाच्या आत घडतात त्यांची किंमत गुणांत होते. मोजणाऱ्यालाच मारले तर गुण मोजायचे कोणी? तराजूत घालून तराजूचे वजन करता येत नाही. म्हणून तेथे दंड नाही, तेथे बाहेर काढणे आहे.

असे पाहिले म्हणजे नियमांच्या एका टोकाला ज्यांची किंमत देता येते अशी लहान पावले आहेत, दुसऱ्या टोकाला ज्यांना किंमतच नाही असे अपराध आहेत, आणि मध्ये आपण सर्व जण राहतो. घरात, धंद्यात, कचेरीत, सोसायटीच्या निवडणुकीत आपणही रोज 'नियमात बसते' असे म्हणून एक पाऊल रेषेबाहेर टाकीत असतो. प्रत्येक पावलाला पाप म्हणत बसलो तर जगणे अशक्य होईल. आणि प्रत्येक पावलाला नुसता सौदा म्हटले तर झुंज कुठे उरली नाही, हे आपल्याला हंगाम संपल्यावर कळेल.

पोरीला मी शेवटी एवढेच सांगितले: "तू लबाडी केली नाहीस. जिंकलीस ते खरं आहे. पण शेवटचे दहा सेकंद तू विकत घेतलेस. पुढच्या वेळी घ्यायचे की खेळायचे, ते तू ठरव. सरांनी ओरडून सांगितलं तरी पाय तुझेच आहेत." तिला हे कितपत पटले ते ती जाणे. मात्र त्या उंच मुलीच्या गावचा पत्ता तिने शिक्षकांकडून मिळविला आणि तिला पत्र लिहिले असे मला तिच्या आईकडून कळले. पत्रात काय होते ते मी विचारले नाही.

दिवाळीच्या या दिवसांत मला बळीराजाची कथा आठवते. वामनाने तीन पावलेच मागितली होती. दोन पावलांत त्याने पृथ्वी आणि स्वर्ग व्यापले, आणि तिसरे बळीच्या मस्तकावर ठेवले. शब्दांत कुठेही खोट नव्हती. तीन म्हणजे तीन. बळीनेही 'पाऊल एवढे मोठे असेल असे ठरले नव्हते' अशी तक्रार केली नाही. दिलेला शब्द त्याने मान वाकवून पाळला. वामन देव आहे, त्याला आपण हात जोडतो. पण पाडव्याला ओवाळताना आपल्या आयाबहिणी राज्य मागतात ते बळीचे मागतात. सारे काही नियमात बसूनही जे उरते, त्याची आठवण आपल्या लोकांनी अशी घरोघरी जपून ठेवली आहे, आणि ती वर्षातून एक दिवस तरी दिव्याच्या उजेडात पाहायला मिळते.